आईचा खोकला आणि डोंगरातला गोरिला

माझी आई खाकरते. खोकत नाही, खाकरते. चौतीस वर्षं तिनं पुण्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. खडूची पूड घशात जायचीच, आणि त्यात वर्गात पाऊल टाकताना एकदा घसा साफ केला की साठ मुली चिडीचूप होतात हा शोध तिला लागला. तेव्हापासून ती सवय जडली ती जडलीच. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ती फोन उचलताना खाकरायची, बोलण्याआधी खाकरायची, लिफ्टचं दार उघडलं की आत कुणी असो-नसो, खाकरायची. आमच्या इमारतीतली माणसं तिला वाकून नमस्कार करायची, ती आदरानं की दचकून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

या खाकरण्यानं माझ्या आयुष्यातले चार महिने खाल्ले, म्हणून आधी सांगून टाकलं.

तेव्हा आम्ही सिंगापूरला बुकित बातोकमध्ये राहायचो, अकराव्या मजल्यावर. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची मॅनेजर, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. त्यामुळे स्वभाव मुळातच चिडका, तो नोकरीनं आणखी चढला. घरात नवरा आणि बारा वर्षांची मुलगी. बाबा गेल्यावर आई दर वर्षी तीन-चार महिने आमच्याकडे यायला लागली. आली की तिला कुठं न्यायचं हा प्रश्न पडायचा. उंच इमारती दाखवल्या की म्हणायची, “बरं आहे.” मॉल दाखवला की, “गार आहे.” एका वर्षी प्राणीसंग्रहालयात नेलं आणि बाई हरखल्या.

तिथं ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांवर मोकळे बसलेले असतात. आई मान वर करून तासभर उभी. मुलगी कंटाळली, नवरा आइस्क्रीम आणायला गेला, मी बाकावर टेकले. शेवटी आईनं तिथल्या गणवेशातल्या बाईंना गाठलं, खाकरली आणि इंग्रजीत विचारलं, “गोरिला कुठे आहे?” बाई म्हणाल्या, आमच्याकडे गोरिला नाही. आईचं तोंड एवढंसं झालं.

घरी जेवताना ती ताटात बघत म्हणाली, “मी चौतीस वर्षं पोरींना शिकवलं की गोरिला छाती बडवतो. परीक्षेत विचारलं, मार्क कापले. बडवतो की नाही, देव जाणे. मी थोडाच बघितलाय!”

ती हे हसत म्हणाली. पण मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या आईनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी दिली तर “कशाला?”, दुखण्याला डॉक्टर म्हटलं तर “कशाला?” आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी तिला जंगलातला गोरिला बघायचा होता, आणि तेही ती मागत नव्हती, नुसतं सांगत होती. मी त्याच आठवड्यात युगांडाची सगळी माहिती काढली. डोंगरातले गोरिला, वाटाडे घेऊन चालत जायचं, आठ माणसांचा गट, सापडले की एक तास बघायचं आणि परत फिरायचं.

नियमांचा कागद आला. पंधरा वर्षांखालच्या मुलांना बंदी. आमची कन्या पाय आपटत सिंगापुरी थाटात म्हणाली, “नॉट फेअर लाह!” तिच्यासोबत तिचा बाप घरी राहणार हे ठरलं, आणि त्याला त्याचं जराही दुःख झालेलं दिसलं नाही. गेलो तर आम्ही दोघीच जाणार होतो. मी पुढचा नियम वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. सर्दी-खोकला असलेल्या माणसाला जंगलात सोडत नाहीत. माणसाची सर्दी गोरिलाला होते, आणि त्याला ती झेपत नाही. जंगलात शिरायच्या दिवशी सकाळी रेंजर, म्हणजे तिथला वनरक्षक, प्रत्येकाकडे बघतो आणि शंका आली तर मागे ठेवतो. परमिट त्या एका दिवसाचंच. हुकलं की हुकलं, पुढच्या कित्येक आठवड्यांची सगळी आधीच गेलेली.

“आई,” मी म्हटलं, “तुला खाकरणं सोडावं लागेल.”

“मी कुठं खाकरते?” असं म्हणून आई खाकरली.

झालं. आईनं मुक्काम वाढवला आणि घरात मोहीम सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, एसी मरणाचा गार असतो म्हणून तिला स्वेटर आणि वर मफलर. बाहेर ऊन रणरणतंय आणि ही बाई महाबळेश्वरला निघाल्यासारखी प्लॅटफॉर्मवर उभी. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, उसाच्या रसाला बर्फ बंद. मुलगी तर पहारेकरीच झाली. “आजी, यू डिड इट अगेन!” ती आतल्या खोलीतून ओरडायची. आई शांतपणे म्हणायची, “मराठीत ओरड, म्हणजे मला वाईट वाटेल.”

दुसरी मोहीम पायांची. सिंगापूरला डोंगर नाहीत. बुकित तिमा नावाची एक टेकडी आहे, आपल्या पर्वतीची थोरली बहीण म्हणा. रविवारी तिथं जायचो. पण रोज काय करायचं? आमच्या इमारतीला पंचवीस मजले. आई सकाळी सहाला जिन्यानं चढायला लागली. आधी अकरा मजले, मग पंधरा, मग पंचवीस. वर पोचली की लिफ्टनं खाली यायची, कारण “उतरताना गुडघे जातात, चढताना नुसता जीव जातो.” शेजारच्या मलय काकू दारातल्या कुंड्यांना पाणी घालताना तिला बघायच्या आणि मला विचारायच्या, “तुमच्या आईचं लिफ्टशी काही भांडण झालंय का?”

चार महिन्यांनी आई एका दमात पंचवीस मजले चढत होती. मी अठराव्यावर भिंत धरून उभी राहायचे. खाकरणंही जवळजवळ थांबलं होतं. कधी आलंच तर ती ते गिळायची, तेव्हा तिचे डोळे मोठे व्हायचे. मी मनात म्हटलं, जिंकलो.

बॅगा भरल्या. आता आपली माणसं कुठंही निघाली, अगदी चंद्रावर, तरी डबे बरोबर असतातच. लाडू, दाण्याची चटणी, मेतकूट आणि आईनं स्वतः अकराव्या मजल्याच्या खिडकीत वाळवलेल्या सांडगी मिरच्या. दही, मीठ, धणे-मेथी, हिंग भरून वाळवायच्या आणि लागतील तशा तळायच्या. दहीभाताबरोबर त्या असल्या की आईला पक्वान्न लागत नाही. “तिकडे कोण तळून देणार आहे?” मी म्हटलं. “असू दे गं, जागा किती लागते?” ती म्हणाली.

दोन विमानं आणि एक दिवसभराचा जीपचा प्रवास करून आम्ही जंगलाच्या कडेच्या लॉजवर पोचलो. चहाचे मळे, लाल माती, धुक्यात बुडालेले डोंगर. हवा अशी गार की आईचं एमआरटीतलं सगळं गरम सामान शेवटी कामाला आलं. लॉजवर आमच्याखेरीज चार-पाच गोरी माणसं होती. जेवायला उकडलेली केळी, उकडलेला राजमा, उकडलेला कोबी. पहिल्या दिवशी कौतुकानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी चमचा ठेवला.

आणि तिथं मी घाण केली.

जंगलात जायच्या दिवशी सकाळी लॉजवाले बरोबर डबा देतात, पाव आणि उकडलेलं अंडं. माझ्या मनात आलं, आज आईचा एवढा मोठा दिवस, डोंगरावर बसून तिला दहीभात मिळाला पाहिजे. आदल्या दिवशीच स्वयंपाक्याकडून भात आणि दही कबूल करून घेतलं होतं. पहाटे उठले, सांडगी मिरच्यांचा डबा घेऊन मुदपाकखान्यात गेले आणि त्या भल्या माणसाला म्हटलं, या तेवढ्या तेलात तळून द्या. मुदपाकखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत, बस्स. त्यानं तेल कडकडीत तापवलं आणि डबा उपडा केला. मी “अहो, दोन-दोन टाका!” म्हणेपर्यंत मिरच्या काळ्याठिक्कर झाल्या होत्या.

ठसका म्हणजे काय असतो ते त्या लॉजला त्या दिवशी समजलं. आधी स्वयंपाकी खोकत अंगणात पळाला. मग वाढणारी मुलगी. मग गोऱ्या माणसांतल्या एका जोडप्यातले काका, हातातला कप तसाच धरून, लालभडक. आमचा जीपवाला दारात पाऊल टाकत होता, तो तिथूनच उलटा फिरला. आणि धुराच्या मधोमध, नाकाला रुमाल लावून, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, माझी आई. खोकतेय. चार महिने गिळलेलं सगळं जणू एका सकाळीच बाहेर पडत होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. तिथंच खाली बसले. जीपवाल्याला मात्र हसू आवरेना. “मिरचीच आहे ना? मी सांगेन त्यांना,” तो खोकत म्हणाला.

रेंजरच्या कचेरीपाशी साडेसातला सगळे गट जमले. आमच्या गटाचा रेंजर उंच, चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. नियम सांगायला लागला. सात मीटर लांब उभं राहायचं. बोट दाखवायचं नाही. अंगावर धावून आला तर पळायचं नाही, खाली बसायचं. तेवढ्यात आई खोकली. तो थांबला. आईकडे बघितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण गंमत अशी की साक्षीदार होते! जीपवाला पुढं आला आणि हातवारे करून त्यानं मिरचीची सगळी कहाणी सांगितली. सांगता सांगता त्यालाच उबळ आली. गोरे काका म्हणाले, “खरं आहे, मीही अजून खोकतोय,” आणि खोकून दाखवलं. लॉजवरच्या आम्हा सगळ्यांना एकापाठोपाठ एक ठसका लागत होता. रेंजर हसायला लागला. हात हलवून म्हणाला, “ठीक आहे, ठीक आहे, मिरची.” माझ्या जिवात जीव आला.

आणि आईनं हात वर केला.

वर्गातल्या मुलीसारखा, सरळ. रेंजर म्हणाला, “बोला.”

“मिरचीचा खोकला आहे हे खरं,” आई तिच्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “पण माझा घसा काल दुपारपासून दुखतोय. गिळताना दुखतं. आज नाकही चोंदायला लागलंय. ते मिरचीचं नाही.”

मी मराठीत ओरडले, “आई! गप्प बस!”

“का गप्प बसू?”

“अगं, त्यांनी विचारलं नव्हतं! सोडत होते ते तुला!”

“म्हणूनच सांगितलं ना,” ती म्हणाली. “आपल्याला सर्दी झाली तर आपण काढा करून घेऊ. त्यांना कोण काढा देणार आहे तिथं?”

मी काय काय बोलले ते मला लिहायची लाज वाटते. चार महिने, पंचवीस मजले, गुळण्या, सगळं काढलं. ती ऐकत राहिली. माझ्याशी वाद घालत बसली नाही, हेच मला जास्त लागलं. रेंजर जवळ आला. त्यानं आईला सांगितलं की वर्षानुवर्षं तो इथं लोकांची सर्दी तपासतोय, आणि इतक्या वर्षांत न विचारता सांगणारी माणसं त्यानं फार थोडी बघितलीत. मग तो मागे सरला आणि म्हणाला, “मला तुम्हाला इथंच ठेवावं लागेल.” “हो, अर्थात,” आई म्हणाली.

मग मी म्हटलं, मी पण नाही जाणार.

तेव्हा मात्र आईचा आवाज चढला. “नाटकं करू नकोस. कोणी तरी एकानं बघायला नको? मी सांगते म्हणून जा. आणि नीट बघ, उगीच फोटो काढत बसू नकोस.” तिनं अंगातलं जॅकेट काढलं, जाड हिरवं, या सहलीसाठीच घेतलेलं. ते माझ्याकडे फेकलं. जवळ येऊन दिलं नाही, फेकलं. “हे घाल. तुझं पातळ आहे, काटे लागतील.” पण क्षणभरानं तिला आठवलं आणि ती रेंजरकडे वळली, “का त्यालाही सर्दी लागली असेल?” त्यानं ते जॅकेट उलटंपालटं करून बघितलं. बाह्या आणि कॉलर जंतुनाशकानं पुसून घेतली, दहा मिनिटं उन्हात धरली आणि मला दिलं. मी ते घातलं आणि मागं न बघता निघाले. रागानं.

तीन तास चढलो. जिना आणि जंगल यांत काय फरक असतो ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं. पायाखाली चिखल, अंगाला झोंबणारी खाजऱ्या पानांची झुडपं, हातात धरावी ती फांदी कुजकी. माझी पिशवी घेतलेली गावातली बाई माझ्याहून वयानं मोठी होती, पायात साधे गमबूट, आणि गुणगुणत चढत होती. मी घसरले की न वळता एक हात मागं करायची आणि मला गाजरासारखं उपटून वर घ्यायची. मी मनातल्या मनात आईशी भांडत होते. भांडताना चढ जाणवत नाही, हा एक फायदा.

मग रेंजरनं हात वर केला. काठ्या, पिशव्या खाली ठेवायला सांगितल्या. पुढच्या माणसानं कोयत्यानं एक वेल बाजूला केली, आणि समोर गोरिला बसलेला होता.

काय सांगू! मी एवढी चिडलेली होते, पण हसले. कारण तो जेवत होता आणि जेवताना पोटातला वारा सोडत होता. मोठ्यानं, निवांत, कुणाची भीडभाड न ठेवता. पाठ रुपेरी, डोकं पोत्याएवढं, आणि बोटं मात्र नाजूक. पाल्याची एकेक शीर सोलून खात होता, घेवड्याच्या शेंगा निवडाव्यात तसं. बाजूला दोन माद्या. एकीच्या पोटाशी चिमुकलं पोर, त्याचे केस विस्कटलेले.

मला आईचं वाक्य आठवलं आणि मी फोन खिशात टाकला. एक तास होता. मी बघायला सुरुवात केली, परीक्षेला बसल्यासारखी. कान किती लहान. नाकपुड्यांवरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या. मादी पोराला उचलते ती एका हातानं, दंडाला धरून, अगदी आपण बसमध्ये चढताना उचलतो तसं. एक तीनेक वर्षांचं पोर आमच्यासमोर आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि त्यानं छाती बडवली. खरंच बडवली! मुठीनं नाही, उघड्या तळव्यांनी, पोकपोकपोक असा पोकळ आवाज. आणि त्या भरात तोल जाऊन मागच्या मागं झुडपात पडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघायला ती इथं नव्हती, म्हणून आलं. मी बाहीनं पुसलं.

तास संपत आला तेव्हा तो मोठा उठला. सात मीटरचा नियम माणसांना असतो; त्याला कुणी कागद दिलेला नव्हता. तो सरळ आमच्याकडे निघाला. “हलू नका,” रेंजर पुटपुटला. माझ्या मागे उतार, डावीकडे झाड, हलणार कुठं? मी मान खाली घातली. तो माझ्या उजवीकडून गेला, मला आणि झाडोऱ्याला एकसारखंच बाजूला सारत. त्याचा दंड आणि पाठ माझ्या बाहीला घासत गेली, सावकाश. आणि वास! घामेजलेलं घोंगडं, जळकं रबर, आंबलेला पाला, सगळं एकत्र. मग तो गेला आणि मी तिथंच चिखलात बसले. पिशवीवाल्या बाईंनी मला पुन्हा एकदा उपटून उभं केलं.

खाली आलो तेव्हा तीन वाजले होते. आई कचेरीबाहेर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, सगळ्यांपासून दहा हात लांब, हातात आल्याचा चहा. नाक लाल, डोळे पाणावलेले, शिंका चालू. पुरती सर्दी झाली होती. ती खरं बोलली नसती तर ही सर्दी घेऊन ती वर आली असती, हे मला दिसत होतं. तरी माझा राग गेला नव्हता. तेवढ्या वेळात तिनं कचेरीतल्या बाईंना दहा हातांवरूनच सांडगी मिरच्यांची कृती सांगितली होती आणि त्यांनी ती वहीत उतरवून घेतली होती.

“बडवतो?” मला बघताच तिनं विचारलं.

“बडवतो.”

“मूठ की तळवा?”

“तळवा. उघडा.”

“बघ!” ती खुर्चीतच उडाली. “आम्ही मूठ शिकवली! चित्रात मूठ होती!” मग तिनं मला झोडपूनच काढलं. बोटं कशी, नखं कशी, पोराला पाजताना कुठल्या हातावर घेते, आवाज कसा करतात. मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. शेवटी तिनं विचारलं, “आणि वास?”

मी बाही पुढं केली. “इथं घासून गेलाय तो. घे.”

तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि बाहीत नाक खुपसलं. जोरात हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान वर केली. सकाळपासून तिचा चेहरा एकदाही पडला नव्हता, तो आता पडला.

“काही येत नाही गं,” ती म्हणाली. “नाक बंद आहे.”

मग तीच सावरली. रुमालानं नाक पुसून, मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, “हे धुवायचं नाही.”

लॉजवरून एक मोठी झिपची पिशवी मिळवली. त्यात जॅकेट कोंबलं आणि हवा काढून बंद केलं. सिंगापूरला विमानतळावर उतरल्यावर बाईंनी नवीनच काढलं. “हे सांगावं लागेल ना? जनावराचा वास आहे.” मी म्हटलं, “आई, वास कुणी जाहीर करत नाही!” पण ती गेलीच सामान जाहीर करायच्या लाल पट्टीकडे. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं पिशवी उघडली, झिप दोन बोटं सरकवली, झटकन बंद केली आणि म्हणाला, “आँटी, यू गो, यू गो लाह, प्लीज.”

घरी आल्यावर पिशवी स्टोअररूममध्ये ठेवली. आईचं नाक काही उघडेना. वाफारा, ओवा, निलगिरी, हळदीचं दूध, सगळं झालं. रोज सकाळी ती पिशवीपाशी जायची, हात लावायची आणि न उघडताच परत यायची. उघडली की वास उडून जाईल ही भीती. नवरा म्हणाला, “आई, आपण त्याला फ्रिजमध्ये ठेवू या का?” तो थट्टा करत होता, ती विचारात पडली. मी ऑफिसला जायचे, यायचे, आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधी विचारायचे, “उघडलं का?” तो माझा राग कधी गेला मला सांगता येणार नाही. नाक उघडायची वाट बघताना कधी तरी तो गेला असावा.

नवव्या दिवशी शनिवार होता. मी कांदा चिरत होते. शेजारच्या मलय काकूंनी सांबालसाठी मिरची आणि वाळक्या कोळंबीचं वाटण तेलात टाकलं, आणि आई बाहेरच्या खोलीतून ओरडली, “आला! वास आला!”

मी सुरी टाकून धावले. ती आधीच स्टोअररूममध्ये पोचली होती. पिशवी छातीशी धरून आली, स्वयंपाकघराची खिडकी लावली, दार लावलं आणि स्टुलावर बसली. झिप उघडली. जॅकेटची उजवी बाही बाहेर काढली आणि तिच्यात तोंड लपवलं.

मी ओट्याला टेकून उभी होते. तिची पाठ हलत होती, श्वास आत, श्वास बाहेर.

“कसा आहे?” मी विचारलं.

तिनं तोंड वर काढलं. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

“घाण आहे गं,” ती म्हणाली. “शी! काय घाण आहे!” आणि पुन्हा तोंड खुपसलं.

बऱ्याच वेळानं ती उठली. जॅकेट नीट झटकलं आणि माझ्या हातात दिलं. “झालं. भेटला. आता टाक मशीनमध्ये.”

मी ते घेऊन मशीनपाशी गेले. झाकण उघडलं, साबणाची पूड घातली. आणि मला काही ते टाकवेना. मी जॅकेटची घडी केली, पिशवीत घातली आणि झिप लावून टाकली.